क्षमा करायला निघालेल्या बुवांचं चाक

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही तसेच राहा — डोळा लागला तरी पडायची भीती नाही. माझ्या कीर्तनात ती सोय आधी बघावी लागते.

तर प्रश्न असा. माणसाला क्षमा करता येत नाही, की करायचीच नसते? मघाशी पूर्वरंगात क्षमेवर पाऊण तास बोललो, तुम्ही माना डोलावल्यात. आता कथा ऐका एका बुवांची. त्यांनी हाच पाऊण तास शंभर गावांत ऐकवला होता, आणि स्वतःच्या लेकीशी चार वर्षं अबोला धरला होता.

बुवांचं नाव अच्युतबुवा. काय म्हणता ताई? बाहेरच्या फळ्यावरही तेच नाव आहे? असेल, असेल. पुढे ऐका.

लेकीचं नाव मैथिली. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा नितेश तिला आवडला. तिने वडिलांना दोनदा विचारलं. बुवा दोन्ही वेळा म्हणाले, आपल्यातला नाही. मग तिने कचेरीत जाऊन लग्न केलं. पुढच्याच महिन्यात एका जत्रेत बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि दाखला दिला — आईबापाच्या तोंडाला काळं फासणाऱ्या लेकीचा. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय? सगळ्या तालुक्याला कळलं. लोक हसले, आणि बुवांना वाटलं, कीर्तन रंगलं!

चार वर्षांनी मैथिलीला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं. बुवांच्या पत्नी कुमुदताई पातळ नेसून ओटीवर आल्या. म्हणाल्या, “मी निघाले. तुम्ही नेलंत तर गाडीने, नाहीतर यष्टीने.”

बुवांनी गाडी काढली. ती वर्षभर फणसाखालीच उभी असायची. पावसात भिजायची, उन्हात वाळायची. बुवा वाटेत भाषण पाठ करत होते. “झालं गेलं मी विसरलो, बाळ. बापाचं मन मोठं असतं.” एकदा मंद्रात म्हणून बघितलं, एकदा मध्य सप्तकात. कुमुदताई खिडकीबाहेर बघत होत्या.

भर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, पुढचं डावं चाक पंक्चर झालं. चहूकडे जांभा दगड, झाड औषधाला नाही. बुवांनी जॅक लावला, नट काढले. चारही निघाले. चाक मात्र निघेना! ओढलं, लाथ मारली. दुसऱ्या लाथेला चप्पल उडून करवंदीच्या जाळीत गेली. हातोडी शोधली तर पिशवीत निघाल्या चिपळ्या. आता चिपळ्यांनी चाक निघतं का? बुवांनी त्याही मारून बघितल्या, मंडळी.

आणि तिथे, घामाने निथळताना, बुवांच्या मनात काय आलं असेल? त्यांना बरं वाटलं. आतून अगदी हलकं वाटलं. ते कुमुदताईंना म्हणाले, “चल, फाट्यापर्यंत चालत जाऊ आणि परतीची यष्टी धरू. देवाच्याच मनात नाही.”

देवाच्या मनातलं आम्हा बुवालोकांना फार लवकर कळतं. विशेषतः ते आमच्या सोयीचं असलं की.

कुमुदताईंनी पिशवी उचलली. रस्त्यात उभ्या राहिल्या आणि समोरून येणाऱ्या टेम्पोला त्यांनी हात केला. टेम्पो मासळीचा. चालवणारी पन्नाशीची बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. नाव विचारलं तर म्हणाली, सुगंधा. बुवांना हसू आलं, ते त्यांनी उपरण्यात लपवलं. उपरण्याआडून वासही जरा कमी येत होता.

सुगंधाबाईने वाकून चाक बघितलं. “गंजून धरलंय. आमच्या टेम्पोचं दर वर्षाला असंच होतं, खारं पाणी लागतं ना. नट परत लावा.”

“अहो, काढायचंय,” बुवा म्हणाले.

“म्हणून तर. लावा, आणि थोडे सैल ठेवा. जॅक उतरवा. मग गाडी दहा पावलं पुढे न्या नि ब्रेक मारा. मग मागे घ्या, परत मारा. गाडीच्या वजनानंच सुटेल. गाडी जॅकवर ठेवून लाथा घालत राहिलात तर पायावर येईल.”

बुवा गाडीत बसले. गाडी पुढे नेली, ब्रेक लावला. कसा लावला? दुधाचं पातेलं घेऊन निघाल्यासारखा. मागे घेतली, पुन्हा तसाच. चार वेळा झालं. सुगंधाबाई खिडकीशी आली, खाली वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “बुवा, चाक काढायचंय ना तुम्हाला?”

मंडळी, शास्त्रार्थाला बुवा कधी अडले नव्हते. इथे त्यांनी नजर आरशाकडे वळवली. आरशात कुमुदताई दिसल्या, रस्त्याच्या कडेला, बाळंतविडा छातीशी धरून. बुवांनी गाडी पुढे काढली आणि पाय दाबून ब्रेक मारला. कट्‌ असा आवाज झाला. जॅक पुन्हा लावून नट काढले, तर सुगंधाबाईच्या दोन हातांत चाक आलं. स्टेपनी तिनेच बसवली. बुवांनी नट आवळले, तेही तिने तपासले.

पोचेपर्यंत बारसं उरकलं होतं. पाळण्यातल्या बाळाचं नाव रेवती ठेवलं होतं. बुवांनी नळावर हात धुतले, गंज काही नखांतून गेला नाही. मैथिली पंचा घेऊन आली. बुवांनी खाकरून सुरुवात केली, “झालं गेलं मी...”

“बाबा,” ती म्हणाली, “जत्रेतलं ते कीर्तन मी ऐकलं होतं. कुणीतरी फोनवर पाठवलं होतं. मी तेव्हा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होते. नितेशच्या आईने येऊन गॅस बंद केला आणि माझ्याजवळ बसून राहिली. संध्याकाळपर्यंत.”

ती रडत नव्हती. बुवांना ते जास्त जड गेलं.

चार वर्षं बुवा स्वतःला विचारत होते, हिला क्षमा करावी की नाही! ती आपणही कुणाकडे मागायची असते, हे त्यांच्या पाऊण तासात कुठेच नव्हतं. ते म्हणाले, “वाईट वागलो मी. वाटेत चाक अडलं, तेव्हा परत जायला मिळतंय म्हणून बरंसुद्धा वाटलं मला. तुला जमलं तर...”

“आज नाही जमायचं, बाबा,” मैथिली म्हणाली. “पण जेवून जा.”

बुवा पानावर बसले. नितेशच्या आईने वाढलं, आणि त्यांनी खाली मान घालून पानातलं सगळं संपवलं.

तर मंडळी, क्षमा करता येत नाही, की करायचीच नसते, ते त्या बुवांना अजून ठाऊक नाही. कळलं ते एवढंच, की तो प्रश्न त्यांचा नव्हताच, लेकीच्या घरचा होता. मनातल्या मनात तुम्हीही कुणाला तरी माफ करून टाकायला निघाला असाल. एकदा त्यांच्या दारात जाऊन त्यांचं ऐकून घ्या. पाठ केलेलं काही बोलू नका. त्यांनी आज नाही म्हटलं, तर रागावू नका. जेवा म्हटलं, तर जेवा. आणि आता टाळ उचला, देवाचं नाव घेऊ. खांबापाशी बसलेल्या आजोबांना मात्र कुणी उठवू नका.