सुरभीची विश्रांती

— नाय रे आदेश, रागावली नाय ती तुझ्यावर, झोपलीय — तू बस, चहा घे. बहिणीला माहेरी न्यायला रोह्यावरून आलास, कळतंय मला, सातव्यात न्यायचीच असते — पण आज नाय जमायचं. सोमवारी डोहाळजेवण केलं ना, अख्खं गडब गाव लोटलं होतं, ओटी भरायला पन्नास बायका, वर गाणी, वर नाव घे, वर पेढा की बर्फी उघडून दाखव — पोरगी पांढरीफटक पडली. तिचं पहिल्यापासून तसंच, माणसांत बसली की अंगातलं सगळं बळ जातं. तुम्हाला ठाऊक असेलच. नाय? मग बघ, सासू असून मला कळलं.

लग्नानंतर पूजा झाली तेव्हा तीच म्हणाली, आई, मागच्या खोलीत अर्धा तास एकटी बसू का? बस म्हटलं. बाहेर आली ती हसत आली. मला केवढं बरं वाटलं — मला कोणी दिला होता अर्धा तास, या घरात? पण लोकं ऐकतात व्हय? कोण ना कोण जाऊन दार ठोकायचं, ही भिडस्त, लगेच उघडायची. मग मीच हिरामण सुताराला बोलावलं, आतली कडी काढली नि बाहेरून बसवली. आता कोण उठवत नाय तिला.

फोन? फोन माझ्या कपाटात हाय. माझा साईराज जहाजावरून सारखा करतो, ती बोलून बोलून दमते — मीच सांगते त्याला, बरी हाय म्हणून.

जेवते ना. म्हणजे — मंगळवारी ताट ठेवलं, जेवली. बुधवारी दार वाजवत होती, आई, आई, पोटात दुखतंय म्हणून — मी नाय उघडलं. उघडलं असतं तर आल्या-गेल्यात पुन्हा बसली असती, सगळी विश्रांती फुकट. तासाभरानं गप्प झाली आपोआप. तेव्हापासून मी बी गेले नाय तिकडं, कशाला त्रास द्या? आज शुक्रवार, अजून दोन दिवस पडू दे.

उठलास कशाला? चपला काढ आधी, वाजतात. बरं, ये इथपर्यंत — लाव कान दाराला. काय ऐकू येतं? नाय ना काही? इतकी शांत कधी झोपली होती तुमच्या घरी?

चल, निघ आता. आदेश, कडीला हात लावू नको.