दारावरचा आकडा

हॅलो?… कोण, हर्षाली? अगं, हा नंबर कुणाचा?… दुकानदाराचा, ज्ञानेशभाऊंचा. आणि तुझा?… चार्जिंगला. बरं, बोल… नाही गं, पेपर तपासतेय. तू बोल ना. जरा मोठ्यानं, मागे केवढा आवाज येतोय… टायरच्या दुकानात? कुठल्या?… पेठ नाक्यावरच्या. आणि दादा, तुझा बाप?… चहाला गेलाय. बरं.

हळू सांग. एकेक सांग… लग्न धरमपूरला. आज संध्याकाळचं… पिकअपमध्ये फुलं आणि स्टेजचं सामान. आणि मागे?… जनरेटरची ट्रॉली. ओढत न्यायची… आणि चालवणार कोण?… नाही, नाही, शंका कसली. चालवतेस तू चांगली. पण ट्रॉली ओढत सावळघाट कधी उतरली आहेस का?… हं… बरं, कधीतरी पहिली वेळ असतेच.

मागचे दोन बदलायचेत ना? दाखव… म्हणजे, वाचून दाखव. टायरच्या बाजूवर साइज लिहिलेली असते, तिच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं… हो, तोच. किती?… अठ्ठ्याऐंशी? नको. तो कारचा आहे… बसेल गं, बसायला बसेल. पण अठ्ठ्याऐंशी म्हणजे एका टायरवर पाचशे साठ किलो, त्याहून जास्त नाही. तुझ्या मागच्या चाकांवर गाडीतला माल येतो, शिवाय ट्रॉलीचा पुढचा भार हुकवरून त्यांच्यावरच दाबतो. दुसरा वाच… एकशे सहा. हा साडेनऊशे किलोचा. हाच घे… नाही, पुस्तक उघडलेलं नाही. पाठ आहे मला तो तक्ता… का म्हणजे? झाला पाठ.

दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घे हं. डावा एक आणि उजवा दुसरा असं नको… काय म्हणतात ज्ञानेशभाऊ?… नायट्रोजन? घे हवा तर. साध्या हवेतही पाच हिश्शांपैकी जवळजवळ चार हिस्से तोच असतो, आणि तो फुकट मिळतो… हसले? हसू देत. आत्या फिजिक्स शिकवते असं सांगितलंस वाटतं त्यांना?… नको सांगत जाऊस.

आता हवा. ड्रायव्हरचं दार उघड. खांबावर एक स्टिकर आहे बघ, टायरचं चित्र असलेला… धूळ आहे तर पूस… हं. दोन ओळी असतील. एक रिकाम्या गाडीची, एक भरलेल्या. भरलेल्याची वाच… पुढे पस्तीस, मागे पासष्ट. झालं तर मग… टायरवर मोठा आकडा आहे तो नाही. ती टायरची कमाल आहे. तुझ्या गाडीचा आकडा दारावर… काय?… किती भरायला सांगितली?… पन्नास? कुणी सांगितलं पन्नास?

अगं, दादा म्हणाला असेल. पण का?… उन्हाळा आहे म्हणून… रस्ता तापतो, हवा फुगते, म्हणून पंधरा कमी… हो… हो, ऐकतेय… कुणी सांगितलं म्हणतो तो?

मी.

…नाही, आहे. फोनवर आहे मी… हो, मीच सांगितलं होतं. माझ्या वहीत गणित मांडून दाखवलंही होतं त्याला… आणि अजून तसंच करतो तो? दर उन्हाळ्यात?… सगळ्या गाड्यांना… शेजारच्यांनाही सांगतो? ‘आमची योगिनी सायन्सवाली आहे’ म्हणून?… अगं बाई.

हर्षाली, ऐक. ते चूक आहे. मी सांगितलेलं चूक होतं. पन्नास भरायची नाही. पासष्ट… नाही, माझा गोंधळ होत नाहीये. ऐक ना. एमएस्सीला होते मी तेव्हा. बंद डब्यातली हवा तापली की दाब वाढतो, एवढं शिकले होते, आणि ते खरंच आहे. गणित केलं. ऊन, रस्ता, धरून चालू साठ डिग्री. दाब सात-आठनं वाढतो असं आलं. म्हटलं, मग आधीच कमी ठेवा, आणखी थोडी कमी ठेवा. गणित बरोबरच होतं गं. फक्त टायर तापतो कशानं, ते मी विचारलंच नाही कुणाला.

कशानं म्हणजे… तार तोडायची असली की तू काय करतेस? इकडे वाकव, तिकडे वाकव. मग हात लावून बघ, चटका बसतो. टायरचं तसंच. हवा कमी असली की त्याची बाजू दर फेऱ्याला दुमडते, उलगडते, मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा. वरचं ऊन काहीच नाही त्याच्यापुढे. आतूनच भाजतो तो… हो. आणि ओझं असलं, वेग असला, की आणखी. सात-आठनं दाब वाढणारच, हे टायर बनवणाऱ्याला माहीत असतं. ते धरूनच तो आकडा लिहिलेला असतो. म्हणून गार टायरमध्ये भरायची, आणि वाटेत कुठं मोजलीस आणि जास्त दाखवली, तरी सोडायची नाही. कुणी काहीही म्हणू दे. तुझा बाप म्हणाला तरी.

…काय?… तेव्हाचा टेम्पो? दादाचा, उलटला तो?… हं. तेव्हा किती होती ते… ते नंतर बोलू. आधी ट्रॉलीचे टायर सांग. जनरेटरच्या… चांगले आहेत? कशावरून?… नक्षी शाबूत आहे. अगं, ती ट्रॉली वर्षातले अकरा महिने मळ्यात उभी असते, नक्षी झिजेल कशी? रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. वाकून बघ, बाजूवर बारीक भेगा आहेत का… आहेत ना. तिथंच एका लांबट चौकटीत चार आकडे असतील. पुसून बघ. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष… सापडले?

शून्य आठ… एक चार.

…परत वाच… दुसऱ्या टायरवर?… तेच.

नाही. काही नाही झालं… थांब जरा, कुसाबाई आल्यात… कुसाबाई, भांडी राहू द्या आत्ता, नंतर या. हो, नंतर… हं. बोल.

अगं, आठवा आठवडा म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा. माझा वाढदिवस असतो त्यात. हे टायर घ्यायला मी गेले होते त्याच्याबरोबर. हे आकडे कसे वाचायचे ते नुकतंच कळलं होतं मला, मिरवायचं होतं. म्हटलं, ‘दादा, बघ, माझ्या वाढदिवसाच्या आठवड्यात बनलेत.’ तो म्हणाला, मग लय चालतील… हो. त्या टेम्पोचे. चार घेतले होते. एक फुटला. गाडी भंगारात गेली, त्यातले चांगले म्हणून दोन ठेवले असतील त्यानं. त्याला काही टाकवत नाही.

हर्षाली, ते दोन्ही काढ. आत्ताच्या आत्ता. अकरा वर्षांचे आहेत. नवे बसव, नसतील तर ट्रॉली नेऊ नका, तिकडे भाड्यानं घ्या जनरेटर… पप्पा ऐकणार नाहीत?… आला का तो?… आला. दे. त्याला दे फोन… नको, तू नको सांगूस. मला सांगू दे.

…हॅलो. दादा… हो, मीच… झाला का चहा?… हं. ऊन आहेच… नाही, टायरचं झालं बोलून. एकशे सहाचेच घ्या… दादा, हवेचं. पन्नास नाही भरायची… अरे, हो, मीच सांगितलं होतं. माहीत आहे. ते चूक होतं… नाही, नवीन काही निघालं नाही. तेव्हाही चूकच होतं.

दादा, त्या दिवशी तुझ्या टेम्पोत पंचेचाळीस होती. साठ हवी होती. कोबी भरला होता कल्याणसाठी, तोही वरपर्यंत. दुपारी अडीच वाजता, शहापूरच्या पुढे, सरळ रस्त्यावर… हो, सरळच होता. तेच तू म्हणायचास ना, सरळ रस्त्यावर गाडी उलटते म्हणजे माझा डोळाच लागला असणार.

नाही लागला तुझा डोळा.

…ऐकलंस का?… अरे, टायर आधी फुटला. भाजून फुटला. तू जागा होतास. तू आवाज ऐकलास, डाव्या बाजूला ओढ बसली, ब्रेक नाही मारलास, सगळं तूच सांगितलं होतंस हॉस्पिटलमध्ये पहिल्या दिवशी. झोपलेल्या माणसाला हे आठवत नाही… नंतर तू बोलायचंच सोडलंस. ‘झोप लागली असेल’ एवढंच. वहिनी तेच म्हणायला लागली. सगळेच.

…नाही. तेव्हा नव्हतं माहीत. शप्पथ… पुढच्या वर्षी. कॉलेजमध्ये शिकवायला लागले, आणि पोरांना हाच धडा शिकवायचा होता. उदाहरण शोधत होते. टायरचंच सापडलं, छापलेलं, माझ्या चुकीसकट. ‘बरेच लोक असं समजतात’ म्हणून.

…हो… हो, दादा. दहा वर्षं.

…कितीदा आले होते रे सांगायला. त्या दिवाळीला आले, तू ओट्यावर बसून पायाला तेल लावत होतास. म्हणालास, पाय बरा झालाय गं, पण स्टिअरिंग धरायची हिंमत होत नाही, परत डोळा लागला तर. आणि मी… मी चिवडा खाल्ला आणि परत आले… नाही, भीती नाही. म्हणजे, हो, भीतीच. तू सगळ्यांना सांगत फिरायचास ना, आमची योगिनी शिकली. ते जाईल असं वाटलं.

…पोरगी काय म्हणतेय?… तिला माहीत नव्हतं. आत्ता कळलं तिलाही.

दादा, ‘जाऊ दे’ नको म्हणूस. तू गाडी सोडलीस. वीस वर्षं चालवत होतास, एक ओरखडा नव्हता. रागाव. शिव्या दे पाहिजे तर… दादा?

…हं… हं. ऐकतेय… नाही, फेकलेली नाही मी ती वही. आहे… का?… बघायचीय तुला? बरं. आणून देईन.

आता ट्रॉलीचे पण… बदलतोस? दोन्ही?… बरं झालं. मग आता हवा. पुढच्या चाकांना—

…काय?

…हो.

…नाही, बरोबर आहे तुझं. बरोबरच आहे. माझ्या सांगण्यावर नकोच. तिला वाचू दे. दारावर लिहिलंय… ट्रॉलीच्या चौकटीवर एक पट्टी असेल पत्र्याची, तिच्यावर… हो, गप्प बसते. वाच तूच.

…दादा?… हॅलो? फोन ठेवलास का कुठे?… ऐकू येतंय मला. पंप येतोय ऐकू…

…पस्तीस. हो…

…पासष्ट… हो. परत वाचायला लाव तिला… लावलंस. बरं.

…हॅलो?… हो, ज्ञानेशभाऊ, मीच. सोमनाथरावांची बहीण… गिऱ्हाईक आलंय? हो, हो, घ्या तुमचा फोन, फार वेळ घेतला… नाही, मला काही विचारू नका, गाडीवर लिहिलंय तेच भरा. फक्त एक सांगाल? दादा कुठाय आत्ता?

…गाडीत?… कुठल्या बाजूला?

…ड्रायव्हरच्या.

…नाही. काही निरोप नाही. ठेवते.