त्या ओळीचा खोकला

— म्हणजे तुला ठाऊक होतं?

— अहो, दर रविवारी चर्चमध्ये मतांगीकार, आपल्या विश्वासाची कबुली, गाताना नेमका ‘देवाचा पुत्र’ आला की तुम्हाला खोकला! पाळकाची बायको आहे मी, बहिरी नाही. म्हणून तर तिथे ऑर्गन दणकून वाजवायचे.

— मला वाटायचं, तुझा पाय पेडलवर घसरतो.

— घसरतोय! लग्नाआधीपासून वाजवतेय मी.

— गेल्या रविवारी तू तापाने झोपून होतीस. ऑर्गन बंद. मंडळीच्या पंचांनी बरोबर ऐकलं.

— काय म्हणाले?

— उद्या मंडळीसमोर ती ओळ एकट्याने, स्पष्ट म्हणायची. नाहीतर पद सोडायचं. हे घरही.

— मग म्हणून टाका की.

— येशूवर माझा जीव आहे गं. पण तो माणूस होता, तुझ्यामाझ्यासारखा. देव होता, हे तोंडातून निघतच नाही.

— माझ्या ऑपरेशनला तुम्हाला दाराबाहेर थांबवलं, कारण तुम्ही माणूस. आत माझ्याबरोबर तो होता. नुसता माणूस असता, तर तोही बाहेर बाकावरच बसला असता, तुमच्या शेजारी.

— तिथेच तर होता.

— म्हणजे?

— त्याला धरून नेलं त्या रात्री बागेत तो किती घाबरला होता! घामाघूम झालेला. देवाला कसली आलीय भीती? तो माझ्यासारखाच भ्याला आणि तरी पळाला नाही, म्हणून मी त्या बाकावर टिकलो. तो देव निघाला, तर माझा आधारच गेला.

— आणि माणूस निघाला, तर माझा.

(ती त्याच्या कपात उरलेला चहा ओतते.)

— तुला दुखवायचं नाही मला. तुझ्यासाठी म्हणतो उद्या.

— माझ्यासाठी मुळीच नको. माझा प्रभू काय तुमच्या खोट्यावर उभा आहे?

— मग घराचं काय?

— धाकट्या लेकीकडची वरची खोली रिकामी आहे. ऑर्गन मंडळीचा, तो राहील इथेच. मला रडू येईल, येऊ दे.

— चिडली नाहीस?

— भयंकर चिडलेय. मरेपर्यंत भांडणार आहे यावरून. पण रोज प्रार्थनेला माझ्याशेजारी बसायचं, आत्ताच सांगून ठेवते.

— बसेन. कोणाशी बोलायचं, तेवढं कळत नाही.

— बोलेन मी. तुम्ही नुसते बसा.