गोठ्यातला कॅमेरा

नसरापूरच्या स्टँडवर विंझर गावाला जाणारी जीप अजून भरायची होती. माझ्यासमोर सासू-सून बसल्या होत्या.

"शिवानी, आपलं नेट तोडलं गं. कंपनीवाला म्हणला, तुमच्या घरातनं कुणीतरी कुठल्याशा वेबसाईटीत घुसाय बघतंय."

"आत्या, ती आमच्या हापिसची वेबसाईट. रातध्याड पासवर्ड मारून बघत व्हतं कुणीतरी. म्या त्याचा इंटरनेटवरचा पत्ता हुडकला अन् तक्रार केली."

"आपल्याच घराची?"

"पत्त्यात नाव-गाव नसतं, नुसतं आकडं असत्यात."

"पर तुमी दोघं शहरात, घरात मी अन् म्हस. कोण करतंय?"

"मग नेटला जोडलेला गोठ्यातला कॅमेराच. त्यात शिरून बाहेरचा कुणीतरी ह्यो उद्योग करतोय. त्याचा पासवर्ड कुणाला दिलावता?"

"साऱ्या वाडीला. बिबट्या आला तर ज्याला दिसंल त्यानं हाळी द्यावी म्हणून. ग्रुपवरबी टाकलाय."

"आत्या, आता नवा पासवर्ड ठेवायचा. कुणाला म्हणून सांगायचा न्हाई."

"न्हाई सांगत. काय ठेवायचा?"

"घरी गेल्यावर सांगते."

"हितंच सांग की. जीपमधी परकं कोण हाय? अन् जरा मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू येत न्हाई."