द्राक्षातला आणि बदामातला

नाही, बसा ना काका, उभे का — रिपोर्टवर सही माझीच असते, वरिष्ठ कुणी नाही. ते स्टूल ओढा. तर तुमच्या बदामांच्या देठांत तोच जिवाणू सापडलाय — हो, तोच, ज्याच्या नावानं तुम्ही बाबांची द्राक्षं मुळासकट उपटून जाळायला लावलीत. तुमच्या दोन झाडांची पानं करपली, त्यांच्या वेलींचीही करपली, तपासणीत नाव एकच निघालं, झालं — भावानंच रोग दिला म्हणून गावभर सांगत सुटलात. बाबा काय बोलणार? त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. जायच्या आधी माफी मागितली त्यांनी तुमची. आणि तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणालात, मोठ्या मनानं.

पण नाव एक म्हणजे जिवाणू एक नसतो, काका. आता आम्ही त्याची जनुकं वाचतो, एकमेकांशी ताडून बघतो. याच्या दोन उपजाती आहेत — एक द्राक्षात राहते. दुसरी बदामातली, ती द्राक्षात टोचली तरी जगत नाही. बाबांच्या वेलींचा नमुना मी इथे फ्रीजरमध्ये जपून ठेवला होता. तो द्राक्षातला निघाला, तुमचा बदामातला. बाबांकडून तुमच्याकडे येणार कसा? तो आला तुम्ही बाहेरून गुपचूप आणलेल्या स्वस्त रोपांतून — काकूच बोलली, तिच्या पोटात काही राहत नाही.

छे, चूक कसली, दोनदा तपासलंय मी. आत्ता, आणि — दोन उन्हाळ्यांपूर्वी, काकूला भेटायला आले होते ना, तेव्हा चार देठं पर्समध्ये टाकली होती. कुंपणाजवळची एकच रांग करपली होती तेव्हा. तेवढी तोडली असती तर — आता सगळी बाग जाईल. शेजारच्या मास्तरीणबाईंचीही जाईल, रोग नेणारे ते रसशोषक किडे कुंपण थोडंच बघतात. सकाळीच येऊन गेल्या बाई, डहाळी घेऊन. त्यांना मी — त्यांना काय सांगणार होते मी?

काय? तेव्हाच का नाही सांगितलं?

बाबांची एक रांग नव्हती जाळली तुम्ही. सगळी जाळलीत. असं बघू नका माझ्याकडे. मास्तरीणबाईंचं मी बघेन काय ते, तुम्ही मध्ये पडू नका. निघा आता. आणि दार लावून घ्या, आत एसी चालू आहे.