सामरुआय मावशींच्या दारची पुष्पचक्रं

उराई : बस ना रे एका जागी! सकाळपासून येरझारा घालतोयस. मला भोवळ यायला लागली.

एमरिस : निंगच्या विरोधातल्या उमेदवाराची गाडी परत आली. भोंग्यावर माझंच चाललंय. ऐकलंस?

उराई : मी ऐकलं, अख्ख्या नोंगखाय गावानं ऐकलं, नदीपलीकडे लाओसातही ऐकू गेलं असेल. "निंगचा बाप, तो गोरा फरंग, म्हणतो, या गल्लीतली माणसं एका पुष्पचक्राला मत विकतात!"

एमरिस : 'विकतात' हा शब्दच माझा नाही! मी लिहिलं होतं, आमच्या गल्लीत उमेदवाराची उंची मोजतात ती त्यानं मयताला पाठवलेल्या पुष्पचक्राच्या घेरावरून. विनोद होता तो. परदेशी लोकांसाठी, इंग्रजीत. कुणीतरी फोनवर थाई भाषांतर करून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. फोनच्या भाषांतरात विनोद मरतो आणि नुसती शिवी उरते.

उराई : मयतावर कसला विनोद करायचा? थोंगकाका गेले त्याला अजून वर्षसुद्धा नाही झालं.

एमरिस : काकांवर नाही लिहिलं मी, पुढाऱ्यांवर लिहिलं.

उराई : आणि ती पुष्पचक्रं कुणाच्या दारात लागली होती? सामरुआय मावशींच्याच ना? नवरा गेला होता त्यांचा. काल बाजारात मला बघितलं आणि टोपली उचलून दुसऱ्या वाटेनं गेल्या. माझ्या लग्नात फुलं माळली होती त्यांनी मला. तुझ्याशी केलं त्या लग्नात.

एमरिस : तू तर ते पुष्पचक्राचं वाचून हसली होतीस.

उराई : हसले. घरात हसले. भोंग्यावर नाही हसले.

एमरिस : उराई, मी या देशात आल्यापासून जितक्या राज्यघटना बदलल्या तितके माझे चष्मेही बदलले नसतील. रणगाडे रस्त्यावर आले त्या दिवशी तू मला कोथिंबीर आणायला पाठवलं होतंस! यावर माणसानं हसायचं नाही तर काय करायचं? वेल्समध्ये, माझ्या गावाबद्दलही मी असंच लिहिलं असतं.

उराई : मग जा तिथे आणि लिही.

एमरिस : हे रागानं म्हणालीस की मनातलं?

उराई : निंग आली बघ. गाडीतून उतरायच्या आधीच तोंड बघ तिचं.

निंग : आई, पाणी दे गं. पापा, मी बसायला नाही आले. उद्या मतदान, आज संध्याकाळी सहाला प्रचार संपतोय आणि बाजाराची बाजू अजून फिरायचीय.

एमरिस : सहाला दारूची दुकानंही बंद होणार. लष्कर आलं तरी या देशात बिअर मिळत होती, पण मतदान आलं की नाही मिळत. लोकशाहीला एवढं कोण भितंय कुणास ठाऊक.

निंग : बघ आई! अजून जीभ गप्प बसत नाही. पापा, कुणीतरी तक्रार करणार आहे म्हणे, परदेशी माणूस प्रचारात नाक खुपसतोय म्हणून. परक्या माणसानं प्रचार करायला बंदी आहे, माहितीय ना तुला?

एमरिस : मी तुझा प्रचार केला? उलट मी तर तुझी वाट लावली!

निंग : तेच सांगतेय. तू सोमवारपर्यंत नदीपलीकडे व्हिएंतियानला जा. पूल ओलांडायचा, झालं. तुला आवडतो तो लांबडा पाव मिळतो तिथे.

एमरिस : म्हणजे पाव देऊन हद्दपारी.

निंग : पापा.

एमरिस : तुझ्या शाळेत पालक म्हणून मी येऊन उभा राहायचो, आणि सगळी पोरं माझ्या नाकाला हसायची. तेव्हा नाही म्हणालीस, पूल ओलांड म्हणून.

निंग : त्या पोरांना मी मारायचे, मधल्या सुट्टीत. तुला कधी सांगितलं नाही. आता कुणाकुणाला मारू? आता मला त्यांच्याच दारात जाऊन हात जोडायचेत.

उराई : निंग, जरा हळू बोल. शेजारी ऐकतायत.

निंग : ऐकू दे. पापा, मागच्या पावसात गटार तुंबलं तेव्हा किती घरांत पाणी शिरलं? तू लिहिलंस, इथे निवडणूक आली की गटाराची झाकणं उघडतात आणि निकाल लागला की ती हरवतात. लोकांना फार आवडलं. तुला गटारावर विनोद सुचतो. मी त्या गटारासाठी उभी राहिलेय.

एमरिस : आलोच मी.

उराई : आता कुठे निघालास? चपला घाल! आणि पूल त्या बाजूला आहे.

एमरिस : पुलाकडे नाही जात. मावशींकडे जातोय.

निंग : नको! आई, अडव त्याला. याचे थाई स्वर अजून जागेवर नाहीत, माफी मागायला जाईल आणि भलतंच काहीतरी बोलून येईल!

(दुपारी, घराच्या ओट्यावर.)

उराई : किती वेळ! मला वाटलं, तुला त्यांनी विहिरीत ढकललं. काय झालं?

एमरिस : त्यांनी पाण्याचा पेला ठेवला आणि शेंगा सोलत बसल्या. मग मीही सोलायला लागलो.

उराई : मग?

एमरिस : मी हात जोडले. म्हटलं, चुकलो. तर विचारतात, "काकांच्या वेळी घरी जेवणावळी चालल्या ते सगळे दिवस मागच्या अंगणात बसून भांडी कोण घासत होतं?" म्हटलं, मी. "मग ते का नाही लिहिलंस?"

उराई : काय सांगितलंस?

एमरिस : खरं तेच. म्हटलं, त्यावर कुणी हसलं नसतं. तर म्हणाल्या, "म्हणजे तू पुष्पचक्रं बघितलीस आणि त्यांच्यामागे बसलेली माणसं सोडून दिलीस. तू स्वतःलासुद्धा सोडलंस, बाबा."

उराई : सामरुआय मावशी असं बोलल्या?

एमरिस : एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही. आणि मी निंगचं नाव काढलं तर हात वर करून थांबवलंच. म्हणाल्या, "माझं मत तिला नाही. समोरच्या उमेदवाराची बायको भाज्या चिरायला रोज पहाटे यायची. त्यांचं पुष्पचक्र तर सगळ्यांत लहान होतं. मी तेव्हाच ठरवलंय. तुझ्या लिहिण्यानं माझं मत फिरेल, एवढा मोठा समजतोस होय स्वतःला?"

उराई : हसतोयस काय? पोरगी पडेल ना अशानं!

एमरिस : हसत नाहीये गं. मला कळतच नाहीये मला काय होतंय. तिथून निघालो तर पाय घराकडे वळेनात. नदीवर जाऊन उभा राहिलो. पलीकडे जावं, की विमान पकडून वेल्सला बहिणीकडे जावं, की परत जाऊन त्या उरलेल्या शेंगा सोलाव्यात, काही सुचेना.

उराई : जेवलायस का?

एमरिस : नाही.

उराई : भात गरम आहे. आणि पुलावर बिलावर जायचं नाही. निंगला मी बघते.

(रविवारी संध्याकाळी, शाळेच्या मैदानात मतमोजणी संपल्यावर.)

निंग : इथे कुंपणाबाहेर काय उभा आहेस? आत सगळ्यांना मोजणी बघता येते.

एमरिस : म्हटलं, कुणी तक्रार करायला नको. एकेक मतपत्रिका वर धरून दाखवत होते ते दिसत होतं इथूनही. फळ्यावरचं तेवढं वाचता आलं नाही. काय झालं?

निंग : पडले.

एमरिस : माझ्यामुळे.

निंग : नाही. बाजाराच्या पेटीत गेलं सगळं. तिथे तुझं कुणी वाचलंही नव्हतं. आपल्या गल्लीत मी पुढे होते, मावशी सोडून. त्या मघाशी भेटल्या. गालाला हात लावून म्हणाल्या, तुला नाही दिलं गं, पण गटाराचं सोडू नकोस.

एमरिस : निंग, मी आता लिहिणं बंद करतो.

निंग : आणि दिवसभर घरात येरझारा घालणार? आई वेडी होईल. लिही, पण मला आधी वाचून दाखवत जा. मी पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार आहे.

एमरिस : तोवर माझं वय काय होईल, मोजलंस का?

निंग : मी वयाचं नाही विचारत. तू इथे असशील का, ते विचारतेय. आईनं सांगितलं, नदीवर जाऊन उभा होतास म्हणून.

एमरिस : तुझी आई कुठेय?

निंग : गाडीपाशी. मला बघून रडायला नको म्हणून तिकडे थांबलीय.

एमरिस : चल मग. किल्ली मला दे, घरी मी नेतो. तू मागे बस, आईच्या शेजारी.