फेसलेली पानं

मामा : तिसऱ्यांदा लावलास का गं नमुना?

विद्यार्थिनी : चौथ्यांदा. मशीन ठणठणीत आहे, मामा. ह्या रानमोहरीच्या बियांत जे गंधकाचं संयुग आहे, तेच पानांतही आहे. हे बघा, दोन्ही आलेखांवर टोक एकाच जागी.

मामा : पण बाईंच्या शोधनिबंधात तर आहे, बियांत सापडतं, पानांत नाही.

विद्यार्थिनी : अठरा वर्षं सगळे तेच म्हणतायत. पुढच्या आठवड्यात बाई निवृत्त होणार, शेवटचं भाषण ह्याच शोधावर. आणि मी, त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्यांनाच खोटं पाडू? सांगितलं तर त्यांची अब्रू जाते, नाही सांगितलं तर माझा प्रबंध खोटा. इकडे आड, तिकडे विहीर.

मामा : पानं कशी घेतलीस?

विद्यार्थिनी : नेहमीसारखीच. तोडली ती तशीच अखंड, उकळत्या अल्कोहोलात. पानात ते संयुग एका कप्प्यात असतं आणि त्याला मोडणारा पदार्थ दुसऱ्यात. पान चिरडलं की दोघांची गाठ पडते आणि संयुग संपतं. म्हणून आधी उकळायचं, मग वाटायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही दरडावून शिकवलं होतंत.

मामा : ज्याला ठेच लागलेली असते ना, तोच जास्त दरडावतो.

विद्यार्थिनी : म्हणजे?

मामा : बस जरा. स्टूल ओढ तो. मी इथे मदतनीस म्हणून लागून दोनच महिने झाले होते. बायकोचं ऑपरेशन झालेलं, तिच्याजवळ मीच. बाई म्हणाल्या, पानं उद्या सकाळी ताजी तोडा आणि लगेच उकळत्यात टाका. सकाळी दवाखान्यातून मला वेळेवर यायला जमणार नव्हतं. म्हणून आदल्या दुपारीच तोडली, खलात पाणी घालून कुटली आणि झाकून ठेवली.

विद्यार्थिनी : सकाळपर्यंत?

मामा : सकाळपर्यंत. माझी आई मोहरी फेसून अशीच झाकून ठेवायची. झणका चढतो, नाकातून पाणी येतं. मला वाटलं, जितका झणका जास्त, तितका माल चांगला उतरेल. वहीत मात्र बाईंनी सांगितलं होतं तेच लिहिलं : पानं अखंड टाकली.

विद्यार्थिनी : मामा, तो झणका म्हणजेच संयुग मोडल्याची खूण.

मामा : ते मला वर्षाने कळलं. तोवर निबंध छापून आला होता. बाईंनी तो मला स्वतः आणून दाखवला, इतक्या खूश होत्या. आज सांगू, उद्या सांगू करत अठरा वर्षं काढली बघ.

विद्यार्थिनी : आणि बियांचं बरोबर आलं, कारण...

मामा : त्या सुक्याच दळल्या होत्या. त्यांना पाणी लागलंच नव्हतं.

विद्यार्थिनी : मी बाईंना सांगते, जमीन वेगळी असेल, हवा वेगळी असेल. तुमचा विषयच काढत नाही.

मामा : नको, पोरी. माझ्या एका खोट्या ओळीवर एवढं झालं. त्यात तू आणखी एक घालू नकोस. मीच सांगतो.

(बाई दार ढकलून आत येतात.)

बाई : दोघांची तोंडं अशी का? फुटलं की काय काही?

मामा : बाई, निबंधातली ती पानं मी उकळत्यात टाकली नव्हती. आदल्या दिवशीच पाण्यात कुटून ठेवली होती. वहीत खोटं लिहिलं.

बाई : आणि हिला पानांत सापडलं.

विद्यार्थिनी : चारही वेळा, बाई.

बाई : आण ते आलेख इकडे. हं. स्वच्छ आहे. तुला चारचारदा करायला लावते मी. स्वतः मात्र एकदा केलं, हवं तसं आलं आणि मोकळी झाले.

मामा : चूक माझी आहे, बाई.

बाई : तुमची आहेच. रागावलेय मी, मामा, फार रागावलेय. एका शब्दाने बोलला असतात तर मी येऊन पानं तोडली असती. का नाही बोललात?

मामा : बायको दवाखान्यात होती. नव्या माणसाने सुट्टी तरी कशी मागायची?

बाई : मला कुणी सांगितलंच नाही. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

विद्यार्थिनी : बाई, मग भाषण?

बाई : भाषण होईल. कुठे चुकलं, तेच सांगेन. आधी मासिकाला पत्र जाऊ दे. लिही. पानांचे नमुने उकळण्याआधी कुटले गेले होते, त्यामुळे पानांविषयीचा निष्कर्ष मी मागे घेत आहे. नवं मोजमाप माझ्या विद्यार्थिनीचं आहे.

मामा : आणि कुटली कुणी, ते? माझं नाव घाला त्यात.

बाई : महिनोन्महिने तुम्ही त्या बिया निवडल्यात, दळल्यात, भांडी घासलीत, आणि निबंधावर मी नाव घातलं ते एकटीचं. तेव्हा घातलं नाही, मामा. आता कुठल्या तोंडाने घालू?